विजेचा भाव आणि शेजारधर्म

४० मेगावॅट वीज म्हणजे काही मोठी वीज नव्हे. आमच्या चिमुकल्या गोव्याचीदेखील रोजची निकड याच्या अनेक पटींनी अधिक आहे. तरीही १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळच्या नद्यांवर निर्माण झालेली एवढीशी वीज भारताच्या वाहिन्यांवरून बांगला देशात पोहोचली, तेव्हा तिन्ही देशांच्या सरकारांनी तो प्रसंग समारंभपूर्वक साजरा केला. करार होता तो दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्या हंगामापुरता. आणि वीज सुरू झाली ती त्या वर्षीच्या हंगामाच्या अखेरच्या दिवशी. म्हणजे उद्‌घाटन आणि समारोप एकाच दिवशी उरकले! नियमित पुरवठ्यासाठी २०२५ चा जून उजाडावा लागला. नेपाळ आणि बांगला देश यांनी वीजसहकार्याच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या होत्या त्या ऑगस्ट २०१८ मध्ये. सहा वर्षांच्या वाटाघाटींचे फळ म्हणून पदरात पडले ते ४० मेगावॅटचे.

ही सहा वर्षे कोठे खर्ची पडली? धरण बांधण्यात नव्हे, कारण वीज नेपाळात तयार होती. तारा ओढण्यातही नव्हे. नेपाळातील ढल्केबर ते बिहारमधील मुझफ्फरपूर ही वाहिनी २०१६ पासून कार्यरत आहे, आणि बंगालमधील बहरामपूर ते बांगला देशातील भेडामारा हा दुवा तर २०१३ पासून चालू आहे. वेळ गेला तो परवानग्या, अटी, दर आणि वहनशुल्क यांच्या घोळात. दक्षिण आशियातील वीजव्यापाराचा प्रश्न हा स्थापत्यशास्त्राचा राहिलेला नसून नियमनाचा आणि मूल्यनिश्चितीचा बनला आहे, हे या एका उदाहरणावरून स्वच्छ दिसते. आणि ज्या प्रश्नाची किल्ली सर्वस्वी दिल्लीच्या हाती आहे, त्याचा विचार भारतीय नागरिकाने शेजाऱ्यांची कटकट म्हणून नव्हे, तर स्वतःच्या राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून करावयास हवा.

निसर्गाने या भूप्रदेशाची मांडणी मोठ्या विचारपूर्वक केली आहे असेच वाटावे. पावसाळ्यात हिमालयातील नद्या दुथडी भरून वाहतात आणि नेपाळ व भूतान यांच्याकडे वीज उतू जाते. त्याच महिन्यांत बांगला देश उकाड्याने हैराण झालेला असतो आणि त्याला वीज हवी असते. हिवाळ्यात पाणी आटते, पहाडी देशांत थंडीमुळे विजेची मागणी वाढते आणि त्यांना ती मैदानी मुलुखातून घ्यावी लागते. एकाचे अधिक ते दुसऱ्याचे उणे, आणि सहा महिन्यांनी नेमके उलट. हा हिशेब शाळकरी पोरालाही समजावा. परंतु नेपाळ, भूतान आणि बांगला देश या तिघांपैकी कोणाचीही सीमा एकमेकांना भिडत नाही. तिघांच्या मध्ये आहे तो भारत. या तिघांना परस्परांशी काही देवघेव करावयाची असेल, तर ती आपल्या अंगणातूनच करावी लागते. भूगोलाने दिलेले हे स्थान म्हणजे अधिकारही आहे आणि जबाबदारीही. आजवर आपण अधिकार पुरेपूर बजावला. जबाबदारीचे काय, हा खरा प्रश्न आहे.

सीमेपलीकडील विजेचा भाव ठरवावा तरी कसा? याची एकच एक रीत आपल्या शेजारात नाही. निरनिराळ्या चार रीती एकाच वेळी चालू आहेत आणि प्रत्येक रीतीचा अनुभव काही शिकवून जातो.

पहिली रीत भूतानची. १९७४ च्या करारान्वये भारताने ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभारला आणि १९८६ ते १९८८ या काळात तो कार्यान्वित झाला. पुढे १०२० मेगावॅटचा ताला आणि २०१९ मध्ये ७२० मेगावॅटचा मांगदेछू हे प्रकल्प त्याच परंपरेत उभे राहिले. भूतानच्या गरजेपेक्षा अधिक होईल ती सारी वीज भारताने घ्यावयाची आणि दर दोन सरकारांनी बसून ठरवावयाचा, तो मुख्यत्वे बांधणीचा खर्च, कर्जाचे व्याज आणि माफक परतावा यांच्या आधारे. मांगदेछूचा दर असाच युनिटला ४ रुपये १२ पैसे ठरला. या पद्धतीने भूतानला हमखास गिऱ्हाईक मिळाले आणि आठ लाखांहून कमी लोकवस्तीच्या त्या देशात शाळा, रस्ते, दवाखाने उभे राहिले, हे निःसंशय. भारताच्या परराष्ट्र व्यवहारातील ही एक खरोखरीची यशोगाथा आहे आणि तिचे श्रेय द्यायला आम्ही कचरत नाही.

पण खर्चावर बेतलेल्या भावाची एक मेख असते. खर्च वाढला की भाव वाढतो, आणि खर्च वाढला तो कोणाच्या चुकीने याचा जाब कोणी कोणाला विचारीत नाही. १२०० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-१ या प्रकल्पाचे काम २००८ मध्ये सुरू झाले. २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या तीरावरचा डोंगर सरकला आणि प्रकल्प दहा वर्षांहून अधिक काळ रखडला. या काळात व्याज मात्र रखडले नाही! २००९ च्या मसुद्यात २०२० पर्यंत भूतानमध्ये १० हजार मेगावॅट उभारण्याची प्रतिज्ञा होती; ती कागदावरच राहिली. भूतानच्या परदेशी कर्जाचा फार मोठा हिस्सा याच जलविद्युत प्रकल्पांचा आहे. उद्या प्रकल्प पुरा झाल्यावर सारा खर्च दरात धरला, तर ती वीज भारतातील कोणते वीजमंडळ घेईल? आणि न धरला, तर ते कर्ज कोण फेडील?

दुसरी रीत पंचेश्वरची. फेब्रुवारी १९९६ मध्ये भारत व नेपाळ यांच्यात महाकाली करार झाला. त्यात विजेच्या लाभाचे मोजमाप करताना ती वीज अन्य मार्गाने निर्माण करण्यास जो खर्च आला असता त्यातील बचत विचारात घ्यावी, असे तत्त्व घालण्यात आले. तत्त्व म्हणून हे अधिक न्याय्य आहे, कारण यात विकणाऱ्याच्या खर्चाबरोबरच घेणाऱ्याच्या फायद्याचीही दखल घेतली जाते. परंतु तत्त्व मान्य झाले आणि हिशेब अडला. पर्याय कोणता धरावयाचा? कोळशाची वीज की वायूची? सिंचनाच्या लाभाची किंमत किती? पूरनियंत्रणाची किती? या प्रश्नांवर तज्ज्ञांच्या बैठकांमागून बैठका झाल्या आणि करारास पाव शतक उलटून गेले तरी पंचेश्वरचे धरण उभे राहिले नाही.

तिसरी रीत खुल्या बाजाराची. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिशूली आणि देवीघाट या दोन जुन्या प्रकल्पांची मिळून ३९ मेगावॅट वीज भारतातील वीजविनिमय बाजारात विकण्याची मुभा नेपाळला मिळाली, आणि पाहता पाहता तेथील निर्यात शेकडो मेगावॅटच्या घरात गेली. ज्या नेपाळने २००८-०९ च्या हिवाळ्यात दिवसाला सोळा सोळा तास अंधार सोसला, तो पावसाळ्यात वीज विकू लागला, ही क्रांतीच म्हटली पाहिजे. या बाजारात दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाचा दर मागणी-पुरवठ्यानुसार ठरतो. येथे कोणाची मेहेरबानी नाही आणि कोणाचा रुसवाही नाही. पण बाजाराला दयामायाही नसते. भारतातील सौर विजेची क्षमता २०२५ च्या आरंभी एक लाख मेगावॅटच्या पलीकडे गेली. परिणामी भर दुपारी बाजारात विजेचा भाव कोसळतो आणि दिवेलागणीला तो गगनाला भिडतो. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालणारे. पाणी साठवून ते संध्याकाळी सोडण्याची सोय त्यांच्यापाशी बेताचीच. म्हणजे वीज अमाप असते तेव्हा भाव नसतो आणि भाव असतो तेव्हा वीज पुरी पडत नाही. नेपाळच्या ८३ हजार मेगावॅट जलसंपत्तीचा जुना आकडा भाषणांतून मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. पण बाजार नद्यांतील पाण्याला पैसे देत नाही. तो वेळेवर मिळालेल्या विजेला पैसे देतो, हे काठमांडूतील धुरीणांनीही ध्यानी घ्यावयास हवे.

चौथी रीत गोड्ड्याची, आणि ती सर्वांत अधिक वादग्रस्त. झारखंडमधील गोड्डा येथे अदानी समूहाने १६०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभारले ते केवळ बांगला देशाला वीज विकण्यासाठी. २०१७ च्या नोव्हेंबरात पंचवीस वर्षांचा करार झाला आणि २०२३ मध्ये पुरवठा सुरू झाला. झारखंड म्हणजे कोळशाचे आगर; पण या केंद्रात जळतो तो परदेशातून जहाजाने आणि पुढे रेल्वेने आणलेला कोळसा. करारानुसार कोळशाचा खर्च ग्राहकाने सोसावयाचा, आणि केंद्राच्या क्षमतेबद्दलचे ठरावीक देणे वीज कमी उचलली तरी चुकत नाही. २०२३ च्या आरंभी कोळशाचा भाव टनामागे सुमारे ४०० डॉलर लावला गेला, तेव्हा ढाक्याने तो २५० डॉलरांच्या आसपास असावा असा आक्षेप घेतला. पुढे थकबाकी साचत गेली आणि ती सुमारे ८० कोटी डॉलरांवर पोहोचल्यावर ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने पुरवठा निम्म्यावर आणला. व्यापारी दृष्टीने पाहता देणे थकविणाऱ्याचा माल रोखणे हा गुन्हा नव्हे. परंतु वीज हा किराणा माल नव्हे. ती बंद झाली की रुग्णालय, पाण्याचे पंप आणि गिरण्या बंद पडतात, आणि ढाक्याचा सामान्य माणूस कंपनीचे नाव घेत नाही. तो भारताचे नाव घेतो.

या चारही रीतींच्या मुळाशी एक समान सूत्र आहे. भाव न्याय्य आहे की नाही, हे ठरविणारा तटस्थ पंच कोठेच नाही. भारतात केंद्रीय विद्युत नियामक आयोग आहे, नेपाळात विद्युत नियमन आयोग आहे, बांगला देशात ऊर्जा नियामक आयोग आहे, भूतानमध्येही तशी संस्था आहे. प्रत्येकाचा अंमल आपापल्या सीमेपर्यंत. वीज सीमा ओलांडते, नियमन ओलांडत नाही. देशांतर्गत एखाद्या वीज कंपनीने अवाच्या सवा दर लावला, तर ग्राहक आयोगापुढे जाऊ शकतो, जनसुनावणीत उभा राहून हरकत घेऊ शकतो. गोव्यातील वीजदरांवरदेखील संयुक्त विद्युत नियामक आयोगापुढे सुनावणी होते आणि सामान्य नागरिक तेथे आपले म्हणणे मांडू शकतो. नेपाळी शेतकऱ्याला वा बांगला देशी विणकराला सीमेपलीकडच्या विजेबाबत असे कोणते दार ठोठावता येईल? एकही नाही.

आता नियमांकडे वळू. भारत सरकारने या व्यापारासाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केली. त्यांत भारतीय मालकीच्या प्रकल्पांना झुकते माप होते. त्यामुळे नेपाळ आणि भूतान या दोघांनीही नापसंती दर्शविली. डिसेंबर २०१८ मध्ये ती तत्त्वे बदलून पुष्कळशी सैल करण्यात आली आणि भारतामार्गे तिसऱ्या देशाशी व्यापार करण्यास तत्त्वतः वाट मोकळी झाली. मार्च २०१९ मध्ये नियामक आयोगाचे विनियम आले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कार्यपद्धती निश्चित झाली. हा सारा प्रवास योग्य दिशेने झाला हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या कार्यपद्धतीत दोन गाठी अशा आहेत की त्या सोडविल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

पहिली गाठ चीनची. ज्या देशाची भूसीमा भारताला लागून आहे आणि ज्याच्याशी भारताचा वीजसहकार्याचा करार नाही, अशा देशाची मालकी वा गुंतवणूक असलेल्या प्रकल्पाची वीज भारत घेत नाही. नाव घेतलेले नसले तरी रोख कोणाकडे आहे हे सांगावयास नको. व्यवहारात हा निकष चिनी ठेकेदाराने बांधलेल्या प्रकल्पांनाही लावला जातो, अशी नेपाळची तक्रार आहे. आम्ही या बाबतीत भाबडे नाही. गलवानच्या खोऱ्यात २०२० मध्ये ज्यांनी आपले प्राण वेचले त्यांचे स्मरण ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत. आपल्या विद्युत जालात शत्रुत्व बाळगणाऱ्या सत्तेचा शिरकाव होऊ नये ही दक्षता रास्तच आहे. प्रश्न आहे तो दक्षतेच्या मर्यादेचा. प्रकल्पाची मालकी चीनची असणे ही एक गोष्ट, आणि नेपाळी लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या प्रकल्पाचा बोगदा एखाद्या चिनी ठेकेदाराने खणला असणे ही अगदी दुसरी गोष्ट. पाण्याला आणि विजेला राष्ट्रीयत्व नसते. बोगदा खणून ठेकेदार निघून गेल्यावर त्यातून वाहणाऱ्या पाण्यावर बहिष्कार टाकून आपण चीनचे काय बिघडविणार? उलट वीज विकता न आल्याने हात पोळलेला नेपाळी गुंतवणूकदार आपोआपच उत्तरेकडे तोंड करील. ज्या गोष्टीची धास्ती, तिलाच आवतण देण्याचा हा प्रकार झाला.

दुसरी गाठ परवानगीची. नेपाळच्या प्रत्येक प्रकल्पास वेगळी मंजुरी घ्यावी लागते, आणि बाजारातील विक्रीच्या मंजुऱ्यांचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. जलविद्युत प्रकल्प बांधायला पाच-सात वर्षे लागतात आणि त्याचे कर्ज फेडायला पंधरा-वीस. अशा धंद्यात पुढच्या वर्षी माल विकू दिला जाईल की नाही याचीच शाश्वती नसेल, तर कोणती बँक पैसा देईल? जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १० हजार मेगावॅट वीज घेण्याचा करार भारताने नेपाळशी केला. आकडा भव्य आहे. पण करार दहा वर्षांचा आणि परवानगी तुटक मुदतीची, हे गणित जुळत नाही.

याच संदर्भात ऑगस्ट २०२४ मधील एका घटनेचा उल्लेख करणे आम्हास कर्तव्य वाटते. ५ ऑगस्ट रोजी ढाक्यात शेख हसीना यांचे सरकार कोसळले आणि अवघ्या आठवड्याभरात दिल्लीने नियम दुरुस्त करून केवळ निर्यातीसाठी उभारलेल्या वीजकेंद्रांना देशांतर्गत विक्रीचा मार्ग खुला केला. ग्राहकाने पैसे थकविले तर उत्पादकाला पर्याय असावा, हा त्यामागील विचार अवास्तव म्हणता येणार नाही. पण नियम ज्या घडीला बदलतात ती घडीही बोलत असते. असे केंद्र देशात तेव्हा एकच होते. शेजारच्या घरात उलथापालथ झाली असताना एका कंपनीच्या सोयीचा बदल तडकाफडकी व्हावा आणि त्याच सरकारने नेपाळच्या ४० मेगावॅटसाठी सहा वर्षे घ्यावीत, हे हात दाखवून अवलक्षण करून घेणे झाले.

आमच्या काही वाचकांना वाटेल की, एवढा शेजाऱ्यांचा कैवार कशाला? भारत त्यांना वाट देतो, बाजार देतो, अनुदानेही देतो. तरी त्यांची कुरकूर संपत नाही. या आक्षेपात तथ्यांश आहे. नेपाळच्या राजकारण्यांनी भारतविरोधाचे भांडवल कमी केलेले नाही. टनकपूरच्या १९९१ च्या समझोत्यावरून तेथे जे काहूर उठले, त्याने पुढे कोणताही पाणीवाटपाचा करार संसदेत दोनतृतीयांश बहुमताच्या कसोटीवर अडकू लागला. बांगला देशानेही २०१० च्या खास कायद्याच्या आडोशाने निविदांवाचून वीजकरार केले आणि त्या कायद्यान्वये झालेल्या व्यवहारांना न्यायालयांपासून संरक्षण दिले. तो कायदा २०२४ मध्ये रद्द करावा लागला. वाईट करार करणाऱ्याने नंतर केवळ समोरच्याच्या नावाने बोटे मोडू नयेत. हे सारे खरे असूनही बलिष्ठाची जबाबदारी कमी होत नाही. बळी तो कान पिळी हा जंगलाचा न्याय झाला. स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या राष्ट्राचा तो न्याय असू नये. परक्या सत्तेने ठरविलेल्या भावाने आपला माल विकावा लागणे म्हणजे काय, हे या देशातील नीळ पिकविणाऱ्या शेतकऱ्याने अनुभवले आणि चंपारणच्या मातीत १९१७ मध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह झाला. ते चंपारण नेपाळच्या सीमेलगत आहे, याचा विसर दिल्लीकरांना पडू नये.

जगात इतरत्र काय घडले तेही पाहू. ब्राझील आणि पॅराग्वे यांनी १९७३ च्या करारान्वये पाराना नदीवर इताइपू हे १४ हजार मेगावॅटचे अजस्र केंद्र उभारले. वीज निम्मी निम्मी. पण पॅराग्वेने आपली उरलेली वीज फक्त ब्राझीललाच विकावी आणि तीही खर्चावर बेतलेल्या भावाने, असे बंधन होते. पॅराग्वेच्या अनेक पिढ्यांनी हा अन्याय म्हणून मनात जपला आणि ५० वर्षांनी, २०२३ मध्ये, कर्जफेड पुरी होताच आर्थिक अटींच्या फेरविचाराची वेळ आलीच. याउलट नॉर्वे आणि स्वीडन यांनी १९९६ मध्ये सामाईक वीजबाजार उभा केला आणि पुढे शेजारचे देश त्यात सामील होत गेले. तेथे वाहिनी ज्याच्या भूमीतून जाते त्याला ठरलेले शुल्क मिळते. वीज जाऊ द्यावी की नाही, हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होत नाही. एका ठिकाणी करार टिकला पण मने दुरावली, दुसऱ्या ठिकाणी नियम टिकले आणि व्यापार वाढला. यांतील कोणता मार्ग आपणास हवा?

आमच्या मते पाच गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. एक, नेपाळची वा भूतानची वीज बांगला देशात नेण्याचा मार्ग हा मेहेरबानीचा विषय न राहता शुल्क भरून मिळणारा हक्क व्हावा. २०१४ मध्ये काठमांडूत झालेल्या सार्क देशांच्या वीजविषयक चौकट-कराराने पारेषण जालात भेदभावरहित प्रवेश देण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. त्यावर भारताची सही आहे. सार्क थंडावली म्हणून सही पुसली जात नाही. दोन, प्रकल्पाला एकदा मंजुरी मिळाली की ती निदान कर्जफेडीच्या काळापुरती टिकावी, आणि नाकारावयाची झाल्यास कारणे लेखी द्यावीत. तीन, पावसाळ्यात घेतलेली वीज हिवाळ्यात परत देण्याची हंगामी उसनवारी नियमबद्ध व्हावी. आपल्याकडे राज्याराज्यांत अशी उसनवारी चालते. ती सीमेपलीकडे नेणे अवघड नाही, आणि तीत भावाचा तंटाही कमी होतो. चार, चारही देशांच्या नियामकांचे एक कायमचे मंडळ असावे. त्याने वहनशुल्काचे सूत्र ठरवावे आणि तंटे सोडवावेत. पाच, सीमेपलीकडील प्रत्येक वीजकरार जनतेपुढे उघडा असावा. गोड्ड्याचा करार पहिल्या दिवसापासून खुला असता तर पुढचा निम्मा संशय निर्माणच झाला नसता.

वहनशुल्काबाबत मात्र शेजाऱ्यांनीही समंजसपणा दाखवावयास हवा. तारा हवेतून जात असल्या तरी मनोरे जमिनीवर उभे राहतात. ती जमीन बिहारच्या वा बंगालच्या कुणा शेतकऱ्याची असते, ते जंगल कुणाचे तरी आश्रयस्थान असते. मोलेच्या अभयारण्यातून उच्चदाब वाहिनी नेण्याच्या बेतावरून २०२० पासून गोव्यात जे आंदोलन उभे राहिले, त्याने वीज आणण्याचीही किंमत असते हे आम्हा गोमंतकीयांना पुरते शिकविले आहे. स्वतःची म्हणावी अशी वीजनिर्मिती जवळजवळ नसलेले आपले राज्य दुसऱ्यांच्या केंद्रांतून, दुसऱ्यांच्या भूमीवरून येणाऱ्या विजेवर जगते. म्हणूनच तारेच्या टोकाला असलेल्याची अगतिकता आणि तारेखाली राहणाऱ्याची वेदना या दोन्ही आपण समजू शकतो. ज्याच्या भूमीतून वीज जाते त्याला रास्त मोबदला मिळालाच पाहिजे. पण मोबदला म्हणजे खंडणी नव्हे.

आणखी एक इशारा अत्यावश्यक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील हिमसरोवर फुटले आणि १२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीने नेपाळातील अनेक वीजप्रकल्पांची हानी केली. हिमालय बदलतो आहे. जलविद्युतेचा भाव ठरविताना हा धोका कोणी सोसावयाचा हे आज लिहून ठेवले नाही, तर उद्या पहिल्याच महापुरात करारासह मैत्रीही वाहून जाईल. स्वस्त विजेचा मोह धरून तो धोका गुपचूप पहाडी देशांच्या माथी मारणे हा शेजारधर्म नव्हे, आणि शहाणपणाचा व्यवहारही नव्हे.

२०१५ च्या अखेरीस नेपाळच्या सीमेवर मालाची वाहतूक अडली आणि तेथील चुली थंडावल्या. दिल्लीने आपला त्यात हात नसल्याचे सांगितले. पण नेपाळी मनात ती नाकेबंदी म्हणूनच कोरली गेली. विजेच्या खटक्यावर ज्याचे बोट असते, त्याच्याकडे लोक याच साशंक नजरेने पाहतात. ही शंका भाषणांनी फिटत नाही आणि अनुदानांनीही फिटत नाही. ती फिटते ती एकाच उपायाने: ज्याच्या हाती खटका आहे त्याने स्वतःहून आपला हात नियमाने बांधून घ्यावा. आजचे ४० मेगावॅट उद्या ४ हजार होतील की नाही, हे हिमालयातील पाण्यावर अवलंबून नाही. ते भारत आपल्या अंगणातील वाटेला राजमार्ग मानतो की जकातनाका, यावर अवलंबून आहे. मोठेपणा भूगोल देतो. थोरवी मात्र स्वतः मिळवावी लागते. ती मिळविण्याची संधी आज दिल्लीच्या दारी चालून आली आहे. ती दवडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.